पऱ्हाटीतून तेल निघतं म्हणतात, ते कितपत खरं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

कपाशीची शेवटची वेचणी उरकत आली की पिकांच्या काडीकचऱ्याविषयीची पत्रं वाढतात. यंदा त्यातली बरीचशी एकाच विषयावर आहेत : काडीकचरा हवा न देता तापवून, म्हणजे पायरोलिसिस करून, त्यातून कोळसा, अर्क (धूर थंड करून मिळणारं आंबट पाणी), तेल आणि रसायनं काढणं. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : आमची बारा एकर कपाशी आहे. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, उपटून बांधावर पेटवून देतो. तीच बंद भट्टीत तापवली तर तेल, अ‍ॅसिड, कोळसा सगळं मिळतं असं ऐकलं. एका टनामागे हाती नक्की काय येतं? (चोपडा)

एकरी साधारण एक टन वाळलेली पऱ्हाटी धरा. कोरडवाहूत कमी, ठिबकवरच्या कपाशीत थोडी जास्त. ती १० टक्के ओलाव्याची असेल आणि भट्टी सावकाश ४५० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत नेली, तर टनाला २७० ते ३०० किलो कोळसा आणि ३५० ते ४०० किलो द्रव मिळतो. बाकीचा गॅस, तो भट्टीखालीच जाळायचा.

द्रवाचा आकडा ऐकून हुरळून जाऊ नका. त्यातलं निम्म्याहून बरंच जास्त नुसतं पाणी असतं. १०० किलो पाणी पऱ्हाटीतच होतं, उरलेलं ती तुटताना तयार होतं. डांबर ६० ते ८० किलो, अ‍ॅसेटिक आम्ल २५ ते ४० किलो, मिथेनॉल १० किलोच्या आसपास. उरलेल्या भागात शेकडो पदार्थ असतात, पण प्रत्येक चिमूटभर. 'तेल' म्हणून ज्याचं कौतुक होतं ते बहुतेक वेळा हे डांबर आणि आंबट पाणी यांचं मिश्रण असतं.

कुठला पदार्थ कुठून येतो हे कळलं की पुढची सगळी उत्तरं सोपी जातात. काडीत मुख्य घटक तीन. हेमिसेल्युलोज सर्वांत आधी, साधारण २२० ते ३१५ अंशांत तुटतं. अ‍ॅसेटिक आम्ल आणि थोडं फरफ्युराल तिथून येतं. सेल्युलोज ३१५ ते ४०० अंशांत जातं. लिग्निन मात्र १६० अंशांपासून सुरू होऊन थेट ९०० पर्यंत रेंगाळत तुटतं. मिथेनॉल आणि फिनॉलवर्गी पदार्थ त्याचे, आणि कोळशाचा मोठा वाटाही त्याचाच. पऱ्हाटीत लिग्निन चतुर्थांशापेक्षा थोडं जास्तच असतं. म्हणून ती गव्हाच्या काडासारखी भुरभुर जळून जात नाही, लाकडासारखा कोळसा देते.

द्रव जास्त हवा असेल तर पद्धतच बदलावी लागते. काडी २-३ मिलिमीटरपर्यंत दळून, तापलेल्या वाळूत ५०० अंशांला क्षणात तापवून, वाफ दोन सेकंदांच्या आत थंड करायची. अशा वेगवान पायरोलिसिसमध्ये लाकडाच्या भुशाचा ६० ते ७५ टक्के द्रव होतो. शेतातल्या काडीत राख जास्त, म्हणून तिचा त्याहून कमी. पण तो कारखान्याचा उद्योग आहे, बांधावरचा नव्हे.

दोन गोष्टी भट्टीच्या आधीच्या. पऱ्हाटी मुळासकट उपटली तर मुळाची माती झटका किंवा मूळ तोडून टाका. ती माती शेवटी कोळशात राख म्हणून मोजली जाते. दुसरं, न फुटलेली बोंडं लगडलेली पऱ्हाटी मे महिन्यापर्यंत शेताकडेला रचून ठेवू नका. गुलाबी बोंडअळी त्या बोंडांतच सुप्तावस्थेत दिवस काढते आणि पुढच्या हंगामाला पतंग होऊन बाहेर पडते. फरदड न घेता, म्हणजे पाणी देऊन पीक पुढे न लांबवता, ते संपवा, लगेच श्रेडरमधून काढा आणि बारीक केलेला माल वाळवा.

प्रश्न : केळीचे खांब शेताबाहेर काढायलाच मजुरी जाते. त्यांचं पायरोलिसिस का करू नये? माल तर ढिगाने आहे. (रावेर, यावल, दोन पत्रं)

हिशोब करून पाहा. केळीची काढणी झाली की हेक्टरी ६० ते ८० टन खांब निघतो हे खरं, पण त्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणी. एक टन खांबात कोरडा माल ८० किलो धरला तरी पाणी ९०० किलोच्या वर. एक किलो पाणी उडवायला प्रत्यक्षात ३ मेगाज्यूल उष्णता लागते, म्हणजे एकूण २७०० मेगाज्यूल. त्या ८० किलो कोरड्या मालात सगळी मिळून ऊर्जा जेमतेम १३०० मेगाज्यूल. वाळवायलाच दुप्पट सरपण जाळावं लागेल.

उन्हात वाळवला तरी दुसरी अडचण उरतेच. खांबात पोटॅश आणि क्लोराइड भरपूर. पोटॅश तापताना उत्प्रेरकाचं काम करतं : द्रव घटतो, गॅस आणि कोळसा वाढतो, आणि सेल्युलोजपासून मिळू शकणारी साखरवर्गी रसायनं जवळजवळ नाहीशी होतात. क्लोराइड पत्रा खातं. खांबाचा धागा काढा, चोथा गांडूळखताला द्या, रस शेताला द्या. खांबाच्या रसापासून द्रवखत करण्याची पद्धत शेजारच्या नवसारी कृषी विद्यापीठाने बसवलेली आहे. रावेर-यावलला तोच रस्ता बरा.

प्रश्न : २०० लिटरच्या ड्रममध्ये पऱ्हाटीची भट्टी आणि त्याला कंडेन्सर लावून अर्क काढायचा आहे. मापं आणि क्रम सविस्तर द्या. (शिरपूर, शहादा, पारोळा)

ड्रमपासून सुरू करू. कीटकनाशकाचा किंवा सॉल्व्हंटचा ड्रम कधीही घेऊ नका. धुतला तरी नाही. तेलाचा ड्रम घेतला तर आधी तोंड पूर्ण कापून, उघड्यावर आतला रंग जाळून टाका. बाजारातल्या ड्रमचा पत्रा पातळ असतो, तळ लवकर जळून भोक पडतं. रोज चालवायची असेल तर ३ मिलिमीटर पत्र्याचा ड्रम वेल्डरकडून करून घ्या. ड्रम विटांच्या चुलाण्यावर, चहूबाजूंनी ३-४ इंच मोकळी जागा सोडून बसवा, म्हणजे ज्वाळा अंगाला लागून वर जाते.

बारीक केलेली पऱ्हाटी, बोटभर तुकडे, एका ड्रममध्ये २५ ते ३० किलो मावते. कुट्टीचा अगदी भुसा करून दाबून भरू नका; वाफेला वाट मिळत नाही आणि मधला भाग कच्चा राहतो. ओलावा १५ टक्क्यांच्या आत हवा. काडी वाकवली की कट्‌कन मोडली पाहिजे, साल सुटून लोंबली तर अजून ओली आहे.

झाकणाला कड्या-बोल्ट लावून ते घट्ट आवळण्याचा मोह होतो. झाकण आवळा, पण त्यात ४ इंच व्यासाचं एक भोक ठेवा आणि त्यावर दीड किलो वजनाची सपाट चकती नुसती ठेवा, कडेने राख-मातीचा लेप. आतला दाब पाण्याच्या १८ सेंटिमीटरच्या आसपास गेला की चकती आपोआप उचलली जाते. नळी डांबराने तुंबली तर हीच चकती तुम्हाला वाचवते. तिच्यावर वीट ठेवणारे महाभाग असतात. त्यांच्याकडे भट्टी पाहायला जाऊ नये.

वाफेची नळी २ इंचांपेक्षा बारीक नको. वळणावर एल्बो लावू नका, टी लावा आणि तिचं मोकळं तोंड प्लगने बंद करा. प्लग काढून सळई घातली की डांबर साफ होतं. एल्बो मात्र तुंबला की कापावाच लागतो. ड्रमपासून नळी थोडी वर जाऊन लगेच उताराला लागली पाहिजे. पहिल्या उतारावर एक रिकामं, पाण्याने थंड न केलेलं भांडं ठेवा. जड डांबर इथेच पडतं आणि कंडेन्सर स्वच्छ राहतो. हे भांडं वाचवायला जाणाऱ्याचा कंडेन्सर काही फेऱ्यांतच बसतो.

कंडेन्सरची आतली नळी स्टेनलेस स्टील ३०४ ची, दीड ते दोन इंची, अडीच-तीन मीटर लांब, दर मीटरला १० सेंटिमीटर उतार. साधं लोखंड चालत नाही, कारण अर्काचा सामू (पीएच) ३ च्या आसपास असतो : नळी खाल्ली जाते आणि अर्क काळा पडतो. बाहेरचं आवरण ४ इंची जीआय पाइपचं. पीव्हीसी स्वस्त पडतं, पण गरम तोंडाकडे मऊ होऊन वाकतं. थंड पाणी खालच्या तोंडातून आत, गरम पाणी वरच्या तोंडातून बाहेर.

पाणी किती लागेल? ३० किलो पऱ्हाटीतून १० किलोच्या वर द्रव येतो. तो थंड करायला २५ मेगाज्यूल उष्णता काढून घ्यावी लागते. पाणी २८ अंशांवरून ४८ अंशांपर्यंत तापू दिलं तर सुमारे ३०० लिटर. यातला बहुतेक भार मधल्या दीड तासात येतो, म्हणून मिनिटाला ३ ते ४ लिटरचा प्रवाह ठेवा. खान्देशात इथेच घोळ होतो. मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका देतं, त्या पाण्याने वाफेचा द्रव होत नाही. विहिरीचं पाणी थेट घ्या किंवा भट्टी पहाटे लावा. तसा वाळवणीला आपला एप्रिल-मे उत्तम : चार-सहा दिवसांच्या उन्हात बारीक केलेली पऱ्हाटी १० टक्क्यांखाली येते.

कंडेन्सरच्या शेवटी टी. खालच्या फाट्यातून अर्क यू-आकाराच्या नळीतून कॅनमध्ये, वरच्या फाट्यातून गॅस. हा गॅस आधी एका रिकाम्या डब्यातून, मग ३ ते ५ सेंटिमीटर पाण्यातून बुडबुडे काढत, आणि मग भट्टीखालच्या भोकं पाडलेल्या नळीत. पाण्याची कुलूपबाटली ज्वाळा उलटी आत शिरू देत नाही. आणि रिकामा डबा कशाला? ड्रम थंड होताना आतला वायू आकसतो आणि बाटलीतलं पाणी मागे ओढतो. मधे रिकामा डबा नसेल तर ते पाणी लाल तापलेल्या कोळशावर जाऊन एकदम वाफ होईल. डबा बाटलीतल्या सगळ्या पाण्यापेक्षा मोठा हवा.

आता चालवणं. के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) दोन लागतात : एक ड्रमच्या मध्यावर, खालून बंद केलेल्या अर्धा इंची नळीत, दुसरं वाफेच्या नळीत, ड्रममधून बाहेर पडल्या पडल्या. पहिल्या तासात मध्य १५० अंशांपर्यंत न्या, ८ ते १० किलो सरपण लागेल. या काळात पांढरी वाफ येते. नळीतलं तापमान ८० च्या आत असेपर्यंत जे पडतं ते पाणीच, वेगळं काढा. नळी ८० ते १५० अंशांत असताना धूर पिवळसर, डोळ्यांना झोंबणारा होतो. याच टप्प्यातला अर्क ठेवायचा. मध्य २८० च्या पुढे गेला की आच कमी करा : इथून माल स्वतःच उष्णता सोडायला लागतो आणि गॅसही पेट घेतो. यावेळी सरपण सारत राहिलं तर तापमान उधळतं, डांबर उडून अर्कात येतं आणि चकती नाचायला लागते. नळी १५० च्या वर गेली की कॅन बदला. मध्य ४५० ला पोचून गॅसची ज्वाळा मंदावली की झालं. एकूण साडेतीन ते चार तास.

कंडेन्सरमधून निळसर धुकं बाहेर पडत राहिलं तर पाणी वाढवून फायदा नाही. ते धुकं म्हणजे डांबराचे सूक्ष्म थेंब, गारव्याने ते पडत नाहीत; त्यांना आदळायला काहीतरी लागतं. गॅसच्या वाटेत फूटभर नळीत स्टीलची घासणी सैल भरा आणि दर दोन-तीन फेऱ्यांनी बदला.

गॅसची नळी बंद करून, सगळी तोंडं लेपून ड्रम रात्रभर तसाच राहू द्या. हाताला पूर्ण गार लागल्याशिवाय उघडू नका. कोळसा बाहेर पसरून आणखी एक दिवस उघड्यावर ठेवा, मगच पोत्यात भरा. ताजा कोळसा हवेतला ऑक्सिजन शोषून स्वतःच तापतो, आणि गोदामात मध्यरात्री पेटलेली पोती याच घाईतून येतात.

भट्टी छपराखाली, बंद खोलीत नको. गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही. डोकं दुखू लागलं किंवा मळमळलं तर आधी मोकळ्या हवेत या, भट्टीचं नंतर पाहा.

प्रश्न : अर्क काढला, मिरचीवर फवारला, पानं करपली. भट्टीत दोष की मात्रेत? (अमळनेर)

पत्रात लिहिलंय की अर्क काढल्याच्या आठवड्यातच, १५ लिटरच्या पंपाला ३०० मिली या मात्रेने फवारला. म्हणजे दोन्हीकडे चूक.

ताज्या अर्कात डांबर विरघळलेलं आणि तरंगणारं असतं, त्यातले फिनॉल पानं जाळतात. अर्क अरुंद तोंडाच्या एचडीपीई (जाड प्लास्टिकच्या) कॅनमध्ये, सावलीत, न हलवता किमान तीन महिने ठेवा. तीन थर होतात : वर पातळ तेलकट साय, मधे अर्क, तळाला काळं डांबर. कॅनला तळापासून चतुर्थांश उंचीवर तोटी बसवून फक्त मधला भाग काढा. तो पारदर्शक, कोऱ्या चहाच्या रंगाचा, सामू ३ च्या आसपास आणि घनता १.०१ ते १.०५ अशी हवी. सामू ४ च्या वर असेल तर सुरुवातीचं पाणी वेगळं काढलेलं नाही. गढूळ असेल तर अजून थांबा.

मात्रा पाण्याच्या ३०० ते ५०० पटीत, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ३० ते ५० मिली. तुमची मात्रा १:५० झाली. आधी पाच-दहा झाडांवर फवारून तीन-चार दिवस पाहा. संध्याकाळी फवारा. बोर्डो मिश्रण, चुना किंवा इतर अल्कधर्मी औषधांत मिसळू नका. आम्ल आणि चुना एकमेकांना मारून टाकतात. आणि हा अर्क म्हणजे कीटकनाशकाला पर्याय, असा दावा कुणी करत असेल तर त्याच्याकडून विकत घेऊ नका.

प्रश्न : रसायनशास्त्राचा पदवीधर आहे. या द्रवातून अ‍ॅसेटिक आम्ल, फरफ्युराल, फिनॉल वेगळं करून एमआयडीसीत विकता येईल का? छोट्या युनिटला काय परवडेल? (जळगाव)

अ‍ॅसेटिक आम्ल वेगळं करण्याची जुनी रीत चुन्याची आहे. खनिज तेलाची रसायनं यायच्या आधी जगाचं बहुतेक अ‍ॅसेटिक आम्ल, मिथेनॉल आणि अ‍ॅसिटोन लाकडाच्या ऊर्ध्वपातनातूनच यायचं. आपल्याकडे कर्नाटकात भद्रावतीला, १९२३ मध्ये सुरू झालेल्या कारखान्याच्या नावातच लोखंडाबरोबर 'वुड डिस्टिलेशन' होतं : भट्टीला लाकडी कोळसा लागायचा आणि धुरातली रसायनंही काढून घेतली जायची.

रीत अशी : मुरवलेला अर्क आधी एकदा ऊर्ध्वपातित करून डांबर मागे ठेवायचं. मग विरलेला चुना घालत सामू ७ ते ८ वर आणायचा. एक किलो आम्लाला ६२० ग्रॅम चुना लागतो. तापवल्यावर पहिल्यांदा मिथेनॉल निघून जातं, ते वेगळं पकडावं लागतं. गाळून पाणी आटवलं की कॅल्शियम अ‍ॅसिटेट, किलो आम्लामागे १.३ किलो. आधी ऊर्ध्वपातन केलं असेल तर करडं, सुमारे ८० टक्के शुद्ध. नाही केलं तर डांबराने तपकिरी आणि कमी शुद्ध. हे सल्फ्युरिक आम्लाबरोबर तापवलं की अ‍ॅसेटिक आम्ल सुटतं. कोरडं ४०० अंशांच्या आसपास तापवलं तर अ‍ॅसिटोन.

गणित पाण्यात बुडतं. अर्कात ७ टक्के आम्ल धरलं तर एक किलो आम्लासाठी १३ लिटर पाणी उडवायचं. उघड्या कढईत त्याला पाच-सहा किलो लाकूड लागतं. स्पर्धा आहे मिथेनॉल आणि कार्बन मोनॉक्साइडपासून मोठ्या प्लांटमध्ये बनणाऱ्या आम्लाशी. शुद्ध अ‍ॅसेटिक आम्ल विकण्याचा विचार सोडून द्या. कॅल्शियम-मॅग्नेशियम अ‍ॅसिटेटला थंड देशांत रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मागणी असते, पण भुसावळच्या रस्त्यावर त्याचं काय करणार?

फरफ्युरालसाठी पायरोलिसिस हा रस्ताच चुकीचा. पायरोलिसिसमध्ये ते टक्का-दोन टक्के येतं आणि बाकीच्या गर्दीत हरवतं. त्याला मक्याची दाणे काढलेली कणसं, विरल सल्फ्युरिक आम्ल आणि १५० ते १७० अंशांची वाफ लागते. १९२२ मध्ये अमेरिकेत क्वेकर ओट्सने ओटच्या टरफलांवर हाच उद्योग सुरू केला. कणसात पेंटोसान, म्हणजे ज्यापासून फरफ्युराल होतं तो भाग, तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असतं; प्रत्यक्षात १० किलो कोरड्या कणसांमागे एक किलो फरफ्युराल मिळालं तर चांगलं. दोंडाईचा-शहादा पट्ट्यात मका भरपूर, मालाची अडचण नाही. पण दाबाखालचं आम्ल, आम्लरोधक रिअ‍ॅक्टर आणि त्वचेतूनही शरीरात जाणारं विषारी उत्पादन हे सगळं सांभाळायचं आहे. पाच-दहा लाखांच्या युनिटचं हे काम नाही.

छोट्या युनिटने पाहावा असा भाग म्हणजे डांबरातलं लिग्निन. जड द्रव थंड पाण्यात, दहापट पाणी घेऊन, जोरात ढवळत बारीक धारेने ओता. आम्ल आणि साखरवर्गी पदार्थ पाण्यात जातात, लिग्निनचे तुकडे तपकिरी भुकटी होऊन बसतात. गाळून ४० अंशांखाली वाळवा, जास्त तापवलं तर गोळा होतो. प्लायवूडच्या फिनॉल-फॉर्माल्डिहाइड डिंकात फिनॉलचा काही हिस्सा या भुकटीने बदलता येतो. चतुर्थांशापासून निम्म्यापर्यंत बदल अभ्यासांतून आलेले आहेत. मात्र गिऱ्हाईक प्रत्येक खेपेला सारखी भुकटी मागतं. एका खेपेला पऱ्हाटी, दुसऱ्या खेपेला तुरीच्या काड्या असं केलं की माल परत येतो. आधी एकाच कच्च्या मालाच्या दहा खेपा सारख्या काढून दाखवा, मग प्लायवूडवाल्याकडे जा.

उरलेला कोळसा 'अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन' म्हणून विकू नका. त्याला ८०० ते ९०० अंशांला वाफ देऊन छिद्रं उघडावी लागतात, आणि छिद्रं किती उघडली हे सांगणारा आयोडीन नंबर तपासल्याशिवाय कुणी दर देत नाही.

प्रश्न : निघालेलं तेल डिझेल इंजिनात, पाण्याच्या पंपाला चालेल? (साक्री)

नाही. वेगवान पायरोलिसिसच्या तेलातही १५ ते ३० टक्के पाणी, सामू २ ते ३, आणि ऊर्जा किलोला १६ ते १९ मेगाज्यूल. डिझेलमध्ये ४२ च्या पुढे. ते डिझेलमध्ये मिसळत नाही, दोन थर होतात. टाकीत ठेवलं तरी महिन्यागणिक घट्ट होत जातं आणि तापल्यावर इंजेक्टरमध्ये डिंकासारखं बसतं.

प्रश्न : डाळ मिलमधला तुरीचा भुसा स्वस्तात मिळेल. भट्टीत घालू का? (जळगाव)

जे जनावर खातं ते जाळू नये, त्याचा भाव तिथेच जास्त आहे. मिलकडे मागायचंच असेल तर सडलेला, खाण्यालायक न राहिलेला माल मागा.

प्रश्न : आमची काळी कसदार जमीन. एकरी चार टन कोळसा टाकायचा सल्ला मिळाला. टाकावा का? (पाचोरा)

आपल्या काळ्या जमिनीचा सामू बहुतेक ठिकाणी ७.५ ते ८.५, चुनखडीही असते. पऱ्हाटीच्या कोळशाचा सामू ९ च्या पुढे जातो. आम्लधर्मी जमिनींवरचे प्रयोग वाचून दिलेला सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही. जस्त आणि लोह आधीच अडकून बसतात, ते आणखी अडकतील. शिवाय भारी जमिनीत पाणी धरून ठेवायला कोळशाची फारशी गरज नसते. त्याचा फरक मुरमाड, हलक्या रानात दिसतो.

टाकायचाच तर कोरा टाकू नका. ताजा कोळसा नत्र ओढून घेतो आणि पहिल्या पिकाची पानं पिवळी पडतात. गोठ्यात मुत्राखाली पसरा किंवा शेणस्लरीत दहा-पंधरा दिवस भिजवा, मग कंपोस्टात दहावा हिस्सा मिसळा. एकरी २०० ते ४०० किलो, सरीत खताबरोबर. माती परीक्षणात क्षार जास्त आले असतील तर तेवढंही नको.

प्रश्न : अर्क बाटलीत भरून विकायचा तर परवाना लागतो का? आणि उरलेल्या डांबराचं काय करायचं? (एरंडोल)

लेबलवर काय लिहिता त्यावर आहे. कीड मारतो असं लिहिलं की १९६८ चा कीटकनाशक कायदा लागू होतो आणि नोंदणी लागते. पीकवाढीसाठी म्हणून विकायचं तर ते बायोस्टिम्युलंटमध्ये मोडतं, आणि २०२१ पासून बायोस्टिम्युलंट खत नियंत्रण आदेशाखाली आले आहेत. व्यापारी भट्टीला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतीही आधी घ्यावी लागते. खाण्याच्या पदार्थाला धुराचा वास द्यायला हा अर्क कुणी मागितला तर देऊ नका; डांबरातले कर्करोगकारक पदार्थ त्यात उतरलेले असतात.

डांबर पुढच्या फेरीला सरपणावर थोडं थोडं ओतून जाळा, एकदम ओतलं तर भडका उडतो. कुंपणाच्या लाकडी खांबांच्या जमिनीतल्या टोकाला लावलं तर वाळवी लवकर लागत नाही, पण गोठ्याच्या दावणीला, खुंट्याला किंवा धान्याच्या कणगीजवळ लावू नका. हातमोजे घालूनच काम करा. आणि भांडी धुतलेलं पाणी विहिरीकडे किंवा नाल्यात जाऊ देऊ नका. फिनॉल अगदी थोडं असलं तरी पाण्याला वास लागतो. ते पाणी पसरट पत्र्याच्या ट्रेमध्ये उन्हात आटवा आणि खाली राहिलेला थर खरवडून भट्टीत टाका.